खोकल्यातील रक्त आणि क्षयाचा शिक्का

उज्जैनच्या टावर चौकाभोवती आज दवाखाने आणि औषधांची दुकाने दिसतात. परंतु शिंदेशाहीबरोबर माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांत, मुलाच्या खोकल्यातून रक्त पडले की पूर्वी एकच शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई: क्षय. त्या भीतीला आधार होता. थोरले माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी याच रोगाने निवर्तले, आणि ती हळहळ मराठी मनातून पुरती गेलेली नाही.

तथापि रक्त म्हणजे क्षय, हे समीकरण आपल्या जुन्या वैद्यकाचेही नव्हे. चरकसंहितेत रक्तपित्त, राजयक्ष्मा आणि क्षतक्षीण यांना चिकित्सास्थानात तीन स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. नाकातोंडावाटे वर येणाऱ्या रक्ताचा विचार तेथे एकत्र केला आहे. चरकाला फुप्फुसातील रक्तवाहिन्यांची विकृती ठाऊक होती, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल.

ती विकृती उजेडात आली १८९७ साली. इंग्लंडमधील चर्टन या डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाचे शवविच्छेदन केले, तेव्हा फुप्फुस-धमनीच्या अनेक ठिकाणी फुगवट्या आढळल्या. निरोगी फुप्फुसात धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांची बारीक जाळी असते. रक्त तेथे प्राणवायू घेते आणि गाळलेही जाते. या रोगात जाळी वगळून धमनी सरळ शिरेला मिळते. पातळ भिंतीची ती गाठ फुटली तर रक्त खोकल्यावाटे येते. न फुटली तरी ओठ निळसर होतात, बोटांची टोके फुगतात. आणि न गाळलेल्या रक्ताबरोबर गेलेली गुठळी किंवा जंतू मेंदूत घात करू शकतात.

रांद्यू (१८९६), ऑस्लर (१९०१) आणि वेबर (१९०७) यांनी वर्णिलेल्या आनुवंशिक रोगाशी या गाठींचे नाते पुढे स्पष्ट झाले. त्या रोगाची ठळक खूण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नाकातून वाहणारे रक्त. जिवंत माणसातील पहिले निदान १९३९ साली स्मिथ व हॉर्टन यांनी केले. आरंभी उपाय एकच होता, शस्त्रक्रियेने फुप्फुसाचा भाग काढून टाकणे. १९७७ साली जर्मनीत पोर्स्टमान यांनी रक्तवाहिनीतून नळी नेऊन पोलादी तारेच्या वेटोळ्यांनी गाठीची वाट बुजविली आणि फुप्फुस वाचू लागले.

भारतात क्षय आजही मोठा रोग आहे, त्यामुळे त्याची तपासणी प्रथम व्हावी हे रास्तच. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, क्षयाची औषधे देऊनही रक्त थांबत नाही, आणि तरी मुलावर शिक्का तसाच राहतो, ही खरी आपत्ती होय. त्यातून लहान मूल कफ गिळते. रक्त मग उलटीतून पडते आणि दोष पोटाला दिला जातो.

टावर चौकातील कुटुंबाला असे मूल १९४८ नंतर इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेता येई. उज्जैनमध्ये असे महाविद्यालय २००१ साली निघाले. आता छातीचे संगणकीय चित्रण ही गाठ दाखविते. त्याआधी मुलाच्या पाठीला नळी लावून रक्ताचा घुमणारा आवाज येतो का, हे ऐकावे लागते. आणि आईला विचारावे लागते की, घरात आणखी कोणाच्या नाकातून वारंवार रक्त वाहते काय.