आढ्यावरचा माणूस : छपरावरील कामगारांच्या रक्षणसाधनांचा इतिहास

आपल्या सुतार ज्ञातीचा इतिहास सांगताना आपण देवळांचे सभामंडप, वाड्यांच्या नक्षीदार चौकटी आणि रथांची चाके यांचा अभिमानाने उल्लेख करतो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्या पूर्वजांनी आढ्यावर बसून वासे ठोकले, त्यांतील किती जण शिडीने उतरले आणि किती जण पडून खाली आले, याची नोंद कोणत्याही कागदात सापडत नाही. ती नोंद घराघरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणींत आहे. अशी एखादी आठवण नाही असे घर आपल्या ज्ञातीत विरळाच. म्हणून यंदा कीर्तीचा इतिहास थोडा बाजूस ठेवून छपरावर चढणाऱ्या माणसाच्या रक्षणाचा इतिहास वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

छपराचे रूप बदलले, तसे पडण्याचे रूपही बदलले. गवताने किंवा नळीच्या कौलांनी शाकारलेले घर ठेंगणे असे. इ.स. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरास जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले पुढे पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. तत्पूर्वी, इ.स. १८२९ मध्ये, हेन्री पामर या इंग्रज अभियंत्याने पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले होते. पुढे सिमेंटचे पत्रे आले, गिरण्यांच्या आणि गोदामांच्या उंच शेड उभ्या राहिल्या. कौलावरून पाय घसरला तर माणूस पाख्यावरून वळचणीकडे जातो. परंतु जुना, उन्हापावसाने ठिसूळ झालेला सिमेंटचा पत्रा पायाखालीच फुटतो आणि माणूस सरळ आत कोसळतो. छपराच्या कडेपासून दूर आहोत म्हणून सुरक्षित आहोत, ही समजूत या पत्र्याने खोटी पाडली.

या पडझडीवर उपाय काय? आपल्या वाडवडिलांचा उपाय म्हणजे कमरेस काथ्याचा दोर आणि मनात देवाचे नाव. पाश्चात्य देशांतही फार काळ याहून निराळे नव्हते. उंच कामावर माणसे मरावयाचीच, असे तेथील कंत्राटदारही धरून चालत. ही समजूत मोडणारे एक मोठे उदाहरण अमेरिकेतील सॅनफ्रान्सिस्को येथे घडले. गोल्डन गेट पुलाचे मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाच्या बांधणीखाली सुरक्षा-जाळे टांगविले. त्यास एक लाख तीस हजार डॉलरांहून अधिक खर्च आला. त्या जाळ्याने एकोणीस माणसांचे प्राण वाचविले. परंतु १७ फेब्रुवारी १९३७ रोजी कामाची एक परांचीच सुटून जाळ्यावर आली, जाळे फाटले आणि दहा कामगार मृत्युमुखी पडले. जाळे माणसाचे वजन झेलण्यास समर्थ होते. परांचीचा भार झेलण्यास नव्हते. या एकाच कथेत दोन धडे आहेत. साधन असले तर माणूस वाचतो, हा पहिला. साधनावर काय काय पडू शकेल याचा विचार आधी झाला नसेल तर साधन असूनही माणूस जातो, हा दुसरा.

कमरपट्ट्याची कथाही अशीच बोधप्रद आहे. अनेक वर्षे कमरेचा पट्टा हेच उत्तम साधन समजले जाई. अनुभवाअंती कळले की, पडणारा माणूस पट्ट्याने एकदम थांबला म्हणजे सारा हिसका पोटावर आणि कण्यावर बसतो. त्याचे स्थान सर्वांगपट्ट्याने, म्हणजे मिस्त्री लोक ज्याला हार्नेस म्हणतात त्याने, घेतले. तो तोच हिसका मांड्या, कंबर, छाती आणि खांदे यांवर वाटून टाकतो, आणि त्याची कडी पाठीवर असते. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून, पडणे थांबविण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरण्यास मनाई झाली. ब्रिटनने इ.स. २००५ मध्ये उंचीवरील कामाचे नियम करून विचाराचा क्रमच ठरवून दिला: टाळता येईल तर उंचीवर चढू नये, चढावे लागले तर पडणारच नाही अशी व्यवस्था करावी, आणि तेही अशक्य असेल तरच पडणाऱ्यास झेलण्याची साधने वापरावीत.

आपल्या देशात इ.स. १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला आणि १९९८ मध्ये त्याखालील केंद्रीय नियम आले. इ.स. २०२० मध्ये संसदेने केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा विषय घेण्यात आला. परंतु १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता, आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम करवून घेणारा मालक त्यातून वगळलेला होता. आता आपल्या ज्ञातिबांधवांची टोळी आठवावी. बहुधा तीन माणसे, त्यांत एक पुतण्या किंवा भाचा. काम शेजारच्या गावातील घराचे. जेथे आपला माणूस सर्वांत अधिक चढतो, तेथेच कायद्याचा हात तोकडा पडत आला. म्हणून साधनांची योजना आपण स्वतःच केली पाहिजे, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे.

ही योजना बाजारातून पट्टा विकत आणला म्हणजे पुरी होत नाही. एक साधा हिशेब पाहू. पाठीवरील कडीच्या उंचीवर बांधलेला दोर सहा फुटांचा धरला. हिसका शोषणारी पट्टी उलगडते ती सुमारे साडेतीन फूट. सर्वांगपट्टा ताणला जातो तो एक फूट. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत पाच फूट. आणि शिल्लक हवी दोन फूट. बेरीज साडेसतरा फूट झाली. वळचण दहा फुटांवर असलेल्या बैठ्या घरावर एवढा सैल दोर लावणारा माणूस, उत्तम साधन अंगावर असूनही, जमिनीवर आपटेल! अशा घरी दोर इतका आखूड बांधावा की माणूस कडेपर्यंत पोहोचूच नये. अथवा कडेने परांची व कठडा उभारावा. ठिसूळ पत्र्यावर तर पाऊल ठेवूच नये; खालच्या आधारांवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे.

दोर बांधावयाचा कोठे, हा यातील सर्वांत कठीण प्रश्न. आणि येथे आपल्या परंपरागत विद्येचे मोल कळते. अमेरिकेच्या नियमांत बांधणीची जागा दर माणशी पाच हजार पौंड, म्हणजे सुमारे बावीसशे अडुसष्ट किलो, भार सोसणारी असावी असे म्हटले आहे. कारण पडत्या देहाचा हिसका त्याच्या वजनाच्या कैक पट असतो. रिपेला किंवा वाळवीने पोखरलेल्या वाशाला बांधलेला दोर म्हणजे केवळ मनाचे समाधान. कोणती तुळई निरोगी आहे, कोणता सांधा ढिला झाला आहे, हे लाकडावर ठोकून सांगणारा कान सुताराइतका कोणाला असणार? तो कान काम धरण्यापूर्वी वापरला पाहिजे. शंका असेल तेथे जाणत्या अभियंत्यास विचारण्यात कमीपणा नाही.

आणखी दोन गोष्टी. ज्या पट्ट्याने किंवा दोराने एकदा पडता माणूस झेलला, तो पुन्हा वापरू नये. बाहेरून तो धड दिसला तरी आतून जायबंदी झालेला असतो. आणि दोराला निश्चल लोंबकळणारा माणूस काही मिनिटांतच धोक्यात येतो; म्हणून त्याला खाली कसे उतरवावयाचे, शिडी कोठे ठेवावयाची आणि ती कोणी लावावयाची, हे चढण्यापूर्वीच ठरलेले असावे.

एक आठवण सांगून आम्ही आवरते घेतो. आमच्या लहानपणी आमच्याच आळीत शाकारणीच्या दिवसांत एक कर्ता पुरुष पडून गेला. तेव्हा साऱ्यांनी एकच उद्गार काढला, “विधिलिखित!” त्या घरातील मुलाने पुढे शाळा सोडून बापाची हत्यारे हाती घेतली. आज विचार करता वाटते, विधीच्या माथी मारलेले ते लिखित बव्हंशी आपलेच होते. तो दोर कोठे बांधावयाचा हे कोणीच ठरविले नव्हते.

खंडेनवमीस आपण करवत, रंधा आणि वाकस मांडून त्यांची पूजा करतो. यापुढे त्या पाटावर दोर आणि सर्वांगपट्टाही मांडला जावा. फुले वाहण्यापूर्वी त्यांची शिवण, कड्या आणि पीळ नीट तपासले जावेत. आणि चैत्रात शाकारणीची कामे सुरू होण्यापूर्वी तोच परिपाठ पुन्हा व्हावा. प्रत्येक टोळीला हा खर्च झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून गावोगावच्या ज्ञातिबांधवांनी वर्गणी काढून एकेक संच सामाईक ठेवावा, तो कोणी, कोठे व केव्हा वापरला याची वही ठेवावी, आणि तरुणांनी तो बांधण्याचे शिक्षण घ्यावे. पूर्वजांनी बांधलेली छपरे अनेक पावसाळे टिकली. ती बांधणारा माणूसही सायंकाळी सुखरूप घरी परतावा, एवढेच या लेखामागील मागणे आहे.