झील

पोवाडा म्हटलं की लोकांना शाहीर आठवतो. फेटा, डफ, वर गेलेला हात. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास साडेतीनशे वर्षांनंतरही नावानं माहीत आहे. शाहिराच्या पाठीमागं उभ्या राहणाऱ्या दोघा-तिघांची नावं अशी टिकत नसतात. ते झीलकरी. तमाशात अशांना सुरते म्हणत.

त्यांचं काम वरवर सोपं. शाहिराची ओळ संपत आली की तिचं शेपूट धरायचं, पालुपद म्हणायचं आणि ‘जी जी’ करत सूर वर तोलून ठेवायचा. तेवढ्यात शाहीर दम घेतो, पुढचा चौक मनात जुळवतो. झील तुटली की शाहिराचाही दम तुटला.

आता गंमत बघा. तीन गळे तीन जातींचे. एक घोगरा, एक बारीक, एक नाकातला. तरी रात्रभर ते एकच गळा असल्यासारखे ऐकू यायचे. ह्याला कारण तुणतुणं. त्याला तार एकच. ती शाहिराच्या पट्टीला लावली की पहाटेपर्यंत सगळ्यांचं इमान तिच्याशी. बहुतेकदा ते एखाद्या झीलकऱ्याच्याच हातात असे आणि बाकीचे त्याला खांदा लावून उभे. आमचे एक चुलते झील धरायचे. ते सांगत, शेजारच्याचा गळा आपल्याला ऐकू येईना झाला, की आपण जास्त ओरडतोय असं समजायचं. तिघांनी एकदम दम घ्यायचा नाही, हा दुसरा नियम. आणि तोंड सारखं उघडायचं. एक ‘जी’ म्हणतोय आणि दुसरा ‘जे’कडं झुकतोय, तर सूर एक असूनही झील फाटते. हे त्यांना कुठल्या गाणाऱ्या गुरूनं शिकवलं नव्हतं. मोटेवर आणि खळ्यावर शिकले.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. तिघेही आपापल्या जागी दणकट शाहीर. आमच्या भागातली गिरणीत गेलेली माणसं सुट्टीला आली की मुंबईत ऐकलेले पोवाडे चावडीपुढं म्हणायची, आणि झीलेला सगळी आळी उभी राहायची.

मग वीज आली आणि यात्रेत भोंगा आला. माईक एकच, तो शाहिरापुढं. झील मागं पडली. ती ऐकू जावी म्हणून झीलकरी ताणून ओरडायला लागले, आणि ताणलेला गळा सूर सोडतो. पुढं प्रत्येकाला माईक मिळाला. त्यानं तर आणखीच वाटोळं केलं. खांद्याला खांदा लावून उभे राहणारे चार-चार फुटांवर गेले. तुणतुणं कर्ण्याच्या आवाजात बुडालं. शंभर फुटांवरच्या भोंग्यातला आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा उशिरा कानावर येतो. त्याच्या मागं लागलं की ताल घसरलाच. कुणाचा गळा वर, कुणाचा खाली, हे गाणारे आपापसांत ठरवायचे. आता ते मशीनवाला ठरवतो. एका यात्रेत तर त्यानं मागच्या दोघांची बटणं अर्धी रात्र बंदच ठेवली होती. ते बिचारे जीव तोडून गात होते.

माईकवर माझा राग नाही. पाच हजारांच्या जत्रेत त्याच्याशिवाय भागत नाही. उभं कसं राहायचं तेवढं बदललं पाहिजे. आमच्या गावची पोरं शिवजयंतीला तसं करतात. झीलेला मिळून एकच माईक, भोवती अर्धा गोल. बारीक गळ्याचा पुढं, घोगरा एक पाऊल मागं. भोंगे त्यांच्या पुढं, तोंड लोकांकडं. एक लहान पेटी मात्र गाणाऱ्यांकडं तोंड करून खाली ठेवतात, आवाज अगदी बारीक, तुणतुणं ऐकू येईल इतकाच. आठ दिवस आधी गोठ्यापुढं विनामाईक तालीम. तिथं झील बसली तरच यात्रेत बसते.

अडचण वेगळीच आहे. पाच पोरं आली तर पाचही जणांना डफ पाहिजे असतो. सुपारी ठरवणारेही शाहिराचं नाव विचारतात, त्याच्याच हातावर पैसे ठेवतात, झीलकऱ्याच्या वाट्याला चहा-भजी. गावात जुनं झील धरणारं एकच माणूस उरलंय, सत्तरीच्या पुढचं. गेल्या शिवजयंतीला दोन पोरांनी त्यांच्या शेजारी उभं राहायचं कबूल केलं. त्यांना शाहिराएवढाच वाटा द्यायचा, हे बैठकीत आम्ही लिहून घेतलंय.