पावडर कोटिंग : रंगाखाली काय आहे ते आधी विचारा

‘पावडर कोटिंग केलंय, आता गंजाची काळजी नको.’ ग्रील, गेट किंवा जिन्याचं रेलिंग बनवून घेताना हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. घराच्या आतल्या कपाटाबाबत ते बऱ्यापैकी खरं आहे. श्रीवर्धन, मुरूड, हर्णै, रत्नागिरी अशा खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात मात्र तेच गेट काही पावसाळ्यांतच वेल्डिंगच्या जोडापाशी फुगतं आणि रंगाचे पापुद्रे निघू लागतात. कोकणातली कितीतरी घरं आखाती देशांतून आलेल्या पैशावर उभी राहतात. मालक वर्षा-दोन वर्षांनी सुट्टीवर येतो, काम त्याच्या नजरेसमोर होत नाही. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देत आहे.

पावडर कोटिंग म्हणजे कोरडा रंग. यात थिनर नसतो. रेझिन, ते घट्ट करणारा हार्डनर, रंगद्रव्य आणि भराव हे सगळं वितळवून, थंड करून दळतात आणि मैद्यासारखी बारीक पूड करतात. ही पूड बंदुकीतून उडवताना तिला विजेचा भार दिला जातो. बंदुकीचा दाब साठ हजार ते एक लाख व्होल्टपर्यंत असतो, पण करंट अगदी नगण्य. लोखंडी जॉब अर्थिंगला जोडलेला असल्यामुळे पूड त्याच्याकडे ओढली जाते आणि मागच्या बाजूलाही थोडीफार चिकटते. मग जॉब भट्टीत जातो. साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला दहा ते वीस मिनिटांत पूड वितळते, पसरते आणि पक्की होते. जर्मनीत 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला एर्विन गेमर यांनी तापवलेली वस्तू पावडरमध्ये बुडवण्याची पद्धत काढली. बंदुकीची पद्धत त्यानंतर, 1960 च्या दशकात रुळली.

आता मुद्द्याचं. हा थर 60 ते 80 मायक्रॉनचा, म्हणजे एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तो पाणी आणि हवा लोखंडापासून दूर ठेवतो, एवढंच त्याचं काम. कुठे ओरखडा पडला, टोचा पडला की खारट ओलावा आत शिरतो. गंज, ज्याला आपण उर्दूत जंग म्हणतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो वरचा रंग आतून उचलत पुढे सरकतो. वरून गेट चकचकीत, आत पाइप सडलेला, असं त्यामुळेच होतं.

हे सरकणं थांबवायचं असेल तर ते भट्टीत नव्हे, त्याआधीच्या टाक्यांमध्ये ठरतं. आपल्याकडे कारखानदार त्याला ‘सेव्हन टँक प्रोसेस’ म्हणतात. आधी तेल-ग्रीस काढायचं, धुवायचं, मग ॲसिडमध्ये गंज काढायचा, पुन्हा धुवायचं, मग फॉस्फेटिंग, धुणं आणि शेवटी पॅसिव्हेशन. यातला कणा म्हणजे फॉस्फेटिंग. झिंक फॉस्फेटच्या द्रावणात लोखंडावर बारीक स्फटिकांचा राखाडी थर बसतो. त्याच्यावर पावडर घट्ट पकडून राहते आणि ओरखडा पडला तरी गंजाची चाल मंदावते. आयर्न फॉस्फेट स्वस्त पडतं, घरातल्या फर्निचरला चालतं, बाहेरच्या कामाला कमीच. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची प्रक्रिया वेगळी असते. तिथे क्रोमेटिंग करतात किंवा हल्ली क्रोमविरहित रसायनं वापरतात.

छोट्या दुकानांत या टाक्या नसतात. पॉलिश पेपर मारला, थिनरच्या फडक्याने पुसलं आणि थेट बूथमध्ये टांगलं, असंही चालतं. दोन्ही कामं पहिल्या दिवशी हुबेहूब सारखी दिसतात. दरात तफावत असेल तर बहुतेक वेळा ती इथलीच असते, पावडरच्या कंपनीची नव्हे. म्हणून दर विचारण्याआधी टाक्या दाखवा म्हणावं.

दुसरी कमजोर जागा म्हणजे कडा आणि कोपरे. पावडर वितळली की धारदार कडेवरून मागे सरकते आणि तिथे थर पातळ राहतो. आतल्या खोल कोपऱ्यांत विजेच्या क्षेत्रामुळे पूड पोहोचतच नाही. म्हणून फॅब्रिकेटरने कडा ग्राइंडरने गोल करायला हव्यात, वेल्डिंगचे थेंब आणि काळी पपडी काढायला हवी. अर्धवट वेल्ड करून सोडलेल्या फटीत पाणी साचतं आणि टाकीतलं ॲसिडसुद्धा अडकून राहतं. हे काम कोटिंगवाल्याचं नाही, वेल्डरचं आहे. त्याला आधीच सांगितलं पाहिजे.

समुद्राजवळ साध्या लोखंडावर एक हात पावडर पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे खाली जस्त हवं. एक मार्ग म्हणजे जस्ताचं प्रमाण जास्त असलेला इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलिस्टर पावडर. दुसरा आणि जास्त भक्कम मार्ग म्हणजे सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून केलेलं हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, त्यावर कोटिंग. ओरखडा पडला तर जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. या जोडीचं आयुष्य दोघांच्या वेगवेगळ्या आयुष्याच्या बेरजेपेक्षाही जास्त भरतं. मात्र बंद पाइपला आधी भोकं पाडावी लागतात, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेने पाइप जस्ताच्या कढईत फुटू शकतो. गॅल्व्हनाइज्ड माल कोटिंगआधी तापवून घेतला नाही तर भट्टीत वायू सुटतो आणि रंगाला टाचणीएवढी छिद्रं पडतात.

पावडरची जातही विचारावी. इपॉक्सी रसायनांना उत्तम टिकते, पण उन्हात खडूसारखी पांढरी पडते. इपॉक्सी-पॉलिस्टर मिश्रण घरातल्या वस्तूंसाठी. गेट, ग्रील, बाल्कनीला शुद्ध पॉलिस्टरच हवं.

भट्टीत एक चूक सर्रास होते. 200 अंश हे हवेचं नाही, धातूचं तापमान धरायचं असतं. जाड चौकट आणि पातळ पट्टी एकाच वेळी घातली तर पट्टी भाजते, चौकट कच्ची राहते. कच्चं कोटिंग दिसायला ठीक असतं, पण ठोका लागला की टवका उडतो. कामासोबत त्याच लोखंडाचा एक तुकडा कोट करून मागावा. त्यावर ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर आडव्या-उभ्या रेघा मारून चिकटपट्टी लावायची आणि खेचायची. चौकटी निघून आल्या तर काम कच्चं समजा. थराची जाडी मोजायचं मीटर बऱ्याच कोटिंगवाल्यांकडे असतं, ते समोर लावायला सांगावं. कोणी ‘इतके तास सॉल्ट स्प्रे’ म्हणाला, तर ती पाच टक्के मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात 35 अंशांवर केलेली चाचणी असते. दोन नमुन्यांची तुलना करायला ती ठीक आहे. तासांना वर्षांत बदलता येत नाही, कारण त्या पेटीत ऊन नसतं.

इतकं सगळं नीट करून शेवटी घात होतो तो फिटिंगच्या दिवशी. गेट जागेवर आणून बिजागरी वेल्ड करतात, आजूबाजूचं कोटिंग जळतं आणि त्यावर ब्रशने ऑइल पेंट फिरवतात. गंज तिथूनच सुरू होतो. फिटिंग नट-बोल्टची ठेवावी, मापं आधी घ्यावीत, भोकं कोटिंगआधीच पाडावीत.

या धंद्यात आपली बरीच तरुण मुलं आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. टांगायच्या हुकांवर पावडरचे थर साचले की अर्थिंग तुटतं. पूड नीट बसत नाही आणि ठिणगी पडण्याचा धोका असतो. हवेत उडालेली पूड पेट घेऊ शकते, म्हणून बूथचा एक्झॉस्ट बंद ठेवून काम करू नये. काही पॉलिस्टर पावडरींत टीजीआयसी नावाचा हार्डनर असतो. युरोपीय नियमांत तो जनुकांना हानी करू शकणारा म्हणून नोंदलेला आहे. तोंडाला रुमाल बांधणं पुरत नाही, धुळीचा खरा मास्क हवा. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. ‘दूध पिऊन बरं होतं’ यावर विसंबू नका, काम उघड्यावर करा आणि धुराच्या वरच्या बाजूला तोंड नेऊ नका.

गेट बसल्यावर समुद्रकाठच्या घरात महिन्या-दोन महिन्यांनी साध्या गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने मीठ धुऊन काढावं. लादी साफ करायचं ॲसिड जवळपास वापरायचं असेल तर ग्रील आधी प्लॅस्टिकने झाकावी आणि नंतर भरपूर पाणी मारावं.