कमांड लाइनला तारीख देताना: आधी दिवस की महिना?

म्हसवडच्या एका बचत गटाचे हप्ते मी जुलैत लिनक्सवर तपासत होतो. मुदत 05/08/2024, म्हणजे आपल्याकडे 5 ऑगस्ट. 'डेट -डी'ने ती 8 मे धरली आणि हप्ता थकलेला दिसला! तिरकी रेघ असली की ही कमांड महिना आधी वाचते. 25/08/2024 दिली तर निदान एरर तरी येते. 1 ते 12 तारखांना तेही नाही. वर्षात 132 तारखा अशा गुपचूप उलटतात.

'+' नंतर लिहितो तो साचा फक्त छापण्यासाठी, वाचण्यासाठी नाही. म्हणून तारीख आयएसओ 8601 प्रमाणे 2024-08-05 अशीच द्या. मॅकवर मात्र 'डेट -जे -एफ' लिहून दिवस-महिना-वर्ष हा क्रम आधी सांगता येतो.