कुलगुरू येतात, मस्टर तेच राहते



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयांत आणि कामगारांच्या सभांत. तेव्हा विद्यापीठाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर आम्ही एवढेच सांगू की, लोक विद्यापीठात पदवी घ्यावयास जातात, आणि आमच्यासारखे कार्यकर्ते तेथल्या मजुरांची विचारपूस करावयास. दोन्ही वाटांनी विद्यापीठ दिसतेच. फक्त वेगवेगळ्या बाजूंनी.

जुन्या संस्थेला नवे वळण द्यावयाचे तर बाहेरून एखादा कर्ता माणूस आणून वर बसवावा, हा उपाय आपल्या मुलखात शंभर वर्षांहून जुना आहे. तो केव्हा फळाला येतो आणि केव्हा वाया जातो, हे तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण पुण्याच्या शेतकी कॉलेजचे. 1907 साली हॅरोल्ड मान हे रसायनशास्त्रज्ञ तेथे प्राचार्य म्हणून आले. नेमणूक परक्या सरकारची. शेतकऱ्याला त्यात कोण विचारतो? तथापि या गृहस्थांनी प्रयोगशाळेत बसून सुधारणेचे पाठ दिले नाहीत. ते पिंपळे सौदागर या खेड्यात गेले. घराघराची जमीन, मिळकत आणि कर्ज यांची मोजदाद केली, आणि 1917 साली ती प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे किती झाले आहेत आणि नुसत्या शेतीवर बहुतेक कुटुंबांचे भागत कसे नाही, हे तीत आकड्यांनी मांडले होते. नव्या साहेबाने आधी खालचा हिशेब पाहिला, हा त्यातला धडा.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांचे शेतकरी सोबती यांनी सहकारी साखर कारखाना उभारावयाचे ठरविले. कारखाना चालविण्याची विद्या गावात नव्हती. म्हणून त्यांनी पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांना अध्यक्षपद दिले. 1950 च्या अखेरीस पहिला गळीत हंगाम सुरू झाला. हेच धनंजयराव पुढे 1966 साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि 1967 साली योजना आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीस गेले. लोणीच्या माळावर ते यशस्वी झाले, त्याचे श्रेय त्यांच्या विद्वत्तेला आहेच. पण त्यांना बोलावणारे लोक स्वतःच कारखान्याचे मालक होते, हेही विसरून चालणार नाही. अडचण आली तर सभासद समोर बसून विचारू शकत होता. अर्थात उसाला कोयता लावणारा मजूर सभासद नव्हता, आणि त्याला विचारण्याची सोय तेथेही नव्हती. आमचे दुखणे तेथूनच सुरू होते.

तिसरे उदाहरण राहुरीचे. 1968 पूर्वी शेतकीचे शिक्षण कॉलेजांत, संशोधन आणि प्रसार शेती खात्याकडे, अशी वाटणी होती. अमेरिकेत 1862 च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या देणगीवर कॉलेजे निघाली. त्यांतून शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली आणण्याची रीत रूढ झाली. आपल्या देशात 1960 साली पंतनगरला तिचा आरंभ झाला, आणि 1968 साली महाराष्ट्र कृषी विद्यापीठ निघाले. पुढे त्याची अकोला, राहुरी, परभणी आणि दापोली अशी चार विद्यापीठे झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे नगरपासून कोल्हापूरपर्यंत आणि नंदुरबारपर्यंतचा दहा जिल्ह्यांचा मुलूख आला.

या विद्यापीठाने काम केले नाही, असे म्हणणारा कृतघ्न ठरेल. भगवा डाळिंब, फुले त्रिवेणी गाय आणि पाडेगावच्या केंद्रातला फुले 265 ऊस शेतकऱ्याच्या दारात पोचला. अलीकडे जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पातून शेतावर ड्रोनही उडू लागले.

पण कारभाराची घडी पाहा. 1983 च्या कायद्याप्रमाणे राज्यपाल कुलपती, कृषिमंत्री प्रतिकुलपती. समिती नावे सुचविते, कुलपती कुलगुरू नेमतात. मोठ्या अपेक्षेने विद्वान माणूस येतो. मात्र एक शिपाई किंवा मजूर कायम करावयाचा तर पद मंजूर करण्याची किल्ली मुंबईत, मंत्रालयात.

याचा पुरावा 2001 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि नाशिक जिल्हा शेतकामगार युनियन यांचा तो दावा. वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणाऱ्या मजुरांनी कायम करण्याची मागणी केली होती. न्यायालय म्हणाले, पदेच मंजूर नसतील तर कायम न केल्याबद्दल विद्यापीठाला 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेचा दोष लावता येत नाही. विद्यापीठाने पदांची शिफारस केली होती, ती निर्माण करणे सरकारच्या हाती होते. मजूर हरले, हे आम्हांला बोचते. परंतु निकाल नीट वाचला तर कुलगुरूही त्यात हरलेलेच दिसतील. संस्था चालविण्यासाठी नेमलेल्या माणसाला आपल्या शेतावरचे हात आपले म्हणता येत नाहीत, मग तो नवे काय करणार?

संकराच्या वाफ्यात फुलोऱ्याला पिशवी बांधणारी बाई, गोठ्यात पहाटे धार काढणारा गडी, यांच्या हातांवर संशोधनाच्या वह्या भरतात. रोजंदारीचा अनुभवी माणूस निघून गेला की त्याच्याबरोबर दहा वर्षांचे ज्ञानही जाते. ज्यांच्या जमिनी विद्यापीठाच्या आवारात गेल्या, त्या घरांचा नोकरीचा प्रश्नही याच मस्टरापाशी येऊन अडतो. ड्रोनला वर उडण्यास पदमंजुरी लागत नाही. खाली खुरपणाऱ्यास लागते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. नवा कुलगुरू शोधताना त्याच्या पदव्या अवश्य पाहा. पण त्याच वेळी त्याच्या हाती किती पदे आणि किती पैसा देणार, तेही लिहून ठेवा. निवडीपूर्वी शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे म्हणणे ऐका. आणि येणाऱ्याने खुर्चीवर बसण्याआधी मान साहेबांप्रमाणे एक दिवस खालचा हिशेब पाहावा. आरंभ मस्टरापासून करावा. तेथे कोणाची किती वर्षे तात्पुरती म्हणून गेली, हे त्याला कळेल, आणि आपले काम कोठून सुरू करावयाचे हेही.