साखरखेर्डा आणि घोड्यांचा चारा

वऱ्हाडांतील साखरखेर्डा हें गांव इतिहासांत गाजलें तें ११ ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळें. मुबारिझखान येथें पडला, निजामुल्मुल्काचा दक्षिणेंत जम बसला आणि गांवास फत्तेखेर्डा हें नांव मिळालें. लढाई पावसाळा सरल्यावर झाली, ही गोष्ट आम्हांस तितकीच बोलकी वाटते.

घोडदळाच्या त्या काळांत पावसाचे चार महिने मोहिमा बहुधा थांबत. घोडीं छावणीस नेत. म्हणून चारा व पाणी पाहून जागा निवडणें हें युद्धाचेंच अंग होतें. परंतु जागा मिळाली म्हणजे सर्व साधलें असें नव्हे. चिपळूणच्या छावणींतील अंमलदारांस शिवाजी महाराजांनीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. दाणागवत आतांच उधळाल तर पावसाळ्यांत घोडीं उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरचें ओढून आणतील आणि रयत तुम्हांस मोगलांहून वाईट समजेल, असा त्याचा आशय. उंदरानें दिव्याची पेटती वात नेऊन गंज्या जळूं नयेत, इतकी बारीक चिंता त्यांत आहे.

आज शहर सोडून खेड्यांत जमीन घेऊन घोडीं बाळगण्याची हौस कित्येकांस असते. माळ विकत मिळतो, घोडेंही मिळतें. वर्षभराचें गवत मात्र आधीं राखावें लागतें. तें ज्यानें राखलें नाहीं, त्याच्या हौसेची किंमत घोडें आणि शेजारचा शेतकरी देतो.