कांद्याचा हिशेब आणि खोलेश्वराची लेक

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस हा ग्रीक प्रवासी इजिप्तमध्ये फिरला, तेव्हा गीझाचा मोठा पिरॅमिड दोन हजार वर्षांचा झालेला होता. हिरोडोटसला इजिप्तची लिपी येत नव्हती, त्यामुळे सोबत दुभाषा होता. पिरॅमिडच्या अंगावर काही कोरलेले दिसले आणि ते काय आहे असे त्याने विचारले. हे बांधणाऱ्या मजुरांना मुळा, कांदा आणि लसूण यांवर किती खर्च झाला त्याचा हा हिशेब आहे, असे दुभाष्याने वाचून सांगितले. रक्कम सोळाशे टॅलेंट चांदी, म्हणजे आजच्या मापाने सुमारे चाळीस टन. हिरोडोटसने ती इमानेइतबारे नोंदवून ठेवली आणि कांद्यावरच एवढा पैसा गेला असेल तर हत्यारांवर आणि कपड्यांवर किती गेला असेल, अशी पुस्तीही जोडली.

आजचे अभ्यासक या हिशेबावर विश्वास ठेवत नाहीत. राजाच्या थडग्यावर भाजीपाल्याची जमाखर्चवही कोरण्याची तिथे रीत नव्हती. दुभाष्याला ती अक्षरे वाचताच येत नसावीत, किंवा ओळखीच्या एखाद्या चिन्हावरून त्याने वेळ मारून नेली असावी. स्मारके दाखवणारा आणि पाहणारा यांच्यातील संवादाचा इतका जुना आणि इतका बोलका नमुना दुसरा क्वचितच सापडेल. पाहणाऱ्याने मजुरांविषयी विचारले नसेलही, पण दाखवणाऱ्याला पहिल्यांदा आठवली ती मजुरांची भाकरच. या गोष्टीचे मोल मला उशिरा कळले, आणि तेही एका सहलीत.

आपल्या मराठवाड्याचा इजिप्तशी पहिला परिचय हैदराबादमार्गे झाला. १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या राज्यातील जिल्हा होता. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधील संग्रहालय १९३० साली सुरू झाले. सहाव्या निजामाच्या जावयाने विकत घेतलेली एक इजिप्शियन ममी तेथे आली आणि ती आजही तेथेच आहे. कोर्टकचेरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने हैदराबाद पाहून आलेली आमच्याकडची जुनी माणसे चारमिनारइतक्याच कौतुकाने त्या ‘हजारो वर्षांच्या मुडद्या’चे वर्णन करीत. आता तोच जिल्हा मराठी सहल कंपन्यांच्या बसमध्ये बसून कैरो, अस्वान, लक्झर करतो. चिवड्याचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या सोबत असतात. आठ दिवसांत तीन हजार वर्षे उरकायची असतात. थॉमस कुकने १८६९ मध्ये पर्यटकांचा पहिला जथा नाईलवर नेला, तेव्हापासून या सहलीचा आराखडा फारसा बदललेला नाही. आधी पिरॅमिड, मग नदी, मग देवळे, शेवटी राजांची दरी.

बदलली आहे ती दाखवणाऱ्याची विद्या. आमच्या गटाला मिळालेली मार्गदर्शिका तिथल्या सरकारचा परवाना असलेली, इजिप्तविद्येचे शिक्षण घेतलेली तरुणी होती. कर्नाकच्या खांबावरील लंबगोलात कोरलेली चिन्हे ती बोटाने दाखवी आणि राजाचे नाव उच्चारी. लंबगोलात राजाचे नाव असते, ही साधी वाटणारी गोष्ट माणसाला पुन्हा कळायला शतकानुशतके लागली. ही चिन्हे म्हणजे पुरोहितांची गूढविद्या, अशीच युरोपातील पंडितांची दीर्घकाळ समजूत होती. १७९९ मध्ये रोझेटा येथे एकच मजकूर दोन भाषांत आणि तीन लिप्यांत कोरलेला दगड सापडला आणि १८२२ मध्ये शांपोलियोंने टॉलेमी, क्लिओपात्रा अशा नावांच्या आधाराने कोडे सोडवले. त्यानंतर तिथले दगड बोलू लागले. अबू सिंबलचे देऊळ अस्वानच्या धरणात बुडणार म्हटल्यावर १९६४ ते १९६८ या काळात ते कापून वर नेण्यासाठी साऱ्या जगातून पैसा उभा राहिला. ते कोणाचे आणि का, हे जगाला वाचता येत होते, हेही त्यामागचे एक कारण असावे असे मला वाटते.

गीझाला मात्र आमच्यातील एका सहप्रवाशाने तिची वाट बदलली. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. आईवडिलांनी हयातभर ऊस तोडलेला. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन जिल्ह्याबाहेर पडायचे आणि नवराबायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजले जायचे, हे त्यांनी लहानपणी पाहिलेले. दगडांची संख्या, वजन, उंची ऐकून झाल्यावर त्यांनी आमच्या सहल व्यवस्थापकाला विचारले, “सर, यांना मजुरी रोख मिळायची का धान्यात? आणि उचल घेतलेली असायची का?” व्यवस्थापकाने ‘उचल’चे इंग्रजी कसे करावे यावर थोडा विचार केला आणि प्रश्न पुढे दिला. मला हिरोडोटसचा दुभाषा आठवला तो तेव्हा.

मार्गदर्शिका खुलली. तिने सांगितले की पिरॅमिड गुलामांनी बांधले, हे चित्रपटांनी पसरवलेले चित्र आहे. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय वाळूतल्या मातीच्या भिंतीला अडखळला आणि तेथे पिरॅमिड बांधणाऱ्यांची स्मशानभूमी उघडी पडली. राजाच्या थडग्याच्या सावलीत पुरण्याचा मान गुलामांना मिळाला नसता. त्यांच्या वसाहतीजवळ भट्ट्या सापडल्या, जनावरांची हाडे सापडली. भाकर, बिअर आणि मांस हा त्यांचा आहार. नाणी त्या काळी नव्हतीच, मजुरी धान्यात. म्हणजे दुभाष्याने हिशेब खोटा वाचला असला, तरी त्याचा विषय अगदीच चुकला नव्हता.

पुढची गोष्ट लक्झरच्या पश्चिम तीरावरची. देर अल-मदिना हे राजांच्या दरीतील थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचे गाव. आमच्या कार्यक्रमात ते नव्हते. बसमधून बोटाने दाखवले गेले तेवढेच. परत आल्यावर वाचले तेव्हा कळले की आपण काय चुकवले. या गावातल्या माणसांना लिहिता येत होते आणि ते खापरांच्या, चुनखडीच्या तुकड्यांवर सगळे लिहीत. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षीचा एक हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात चाळीस कामगारांच्या गैरहजेरीची कारणे नोंदलेली आहेत. कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आले, कोणी घरी बिअर गाळत होता, कोणी आप्ताच्या प्रेताच्या सोपस्कारांत गुंतला होता. आणि तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी बाराव्या शतकाच्या मध्यात, धान्याचे वाटप थकले तेव्हा हीच माणसे हत्यारे खाली ठेवून देवळाच्या मागे जाऊन बसली. आम्ही भुकेले आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे. ही हकिकत ज्या पपायरसवर लिहिलेली आहे, तो इटलीत तुरीनला जपून ठेवला आहे. लेखी पुरावा असलेला हा जगातला पहिला संप मानतात. कोयत्याचे दर वाढावेत म्हणून झालेले संप पाहिलेल्या जिल्ह्यातून गेलेल्या पस्तीस माणसांच्या बसला त्या गावापाशी दहा मिनिटे थांबायला हरकत नव्हती.

परतल्यानंतरच्या हिवाळ्यात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अंबाजोगाईला गेलो. ठिकाण नवे नव्हते. अभ्यासक्रमात यादवकाळ आहे, मुकुंदराज आहेत, आणि त्यांची समाधी अंबाजोगाईला आहे. (मुकुंदराजांवर भंडारा-नागपूरकडील अंभोऱ्याचाही हक्क सांगितला जातो आणि ‘विवेकसिंधु’च्या शके १११० या कालाविषयीही विद्वानांत वाद आहेत. ते वाद वर्गात घालावेत. समाधीच्या दरीत उतरताना घालू नयेत.) पण या खेपेस मी इजिप्तच्या सवयीने पाहत होतो, आणि दाखवणारे कोणीच नव्हते.

हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी लेणी आहेत. खडकात खोदलेले अंगण, मध्ये नंदीमंडप, भोवती दगडी हत्ती. त्या हत्तींवरूनच नाव पडले. गावात कोणालाही विचारा, गोष्ट तयार आहे. कोकणातून आलेल्या योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, वऱ्हाड निघाले, मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड इथेच दगडाचे झाले. देवी कुमारिकाच राहिली. ही गोष्ट मला कांद्याच्या हिशेबाइतकीच प्रिय आहे. कोकणातील अनेक घराण्यांची कुलदेवता इतक्या दूर बालाघाटाच्या कुशीत का, या खऱ्या प्रश्नाचे ते लोकांनी दिलेले उत्तर आहे. साहित्याच्या माणसाने अशा गोष्टीला हसू नये. मात्र ती गोष्ट म्हणजे त्या दगडाचे वाचन, असेही समजू नये.

आणि वाचन तर झालेले आहे. बाराखांबी म्हणून ओळखले जाणारे मंदिर शिलालेखात ‘सकलेश्वर’ आहे. लेख शके ११५० चा, म्हणजे इ. स. १२२८ चा. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचा अंबे हा प्रदेश. गुजरात, माळवा इकडे यादवांनी ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांत हे नाव पुन्हा पुन्हा येते. दुसरा लेख शके ११६२ चा, इ. स. १२४० चा. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत नर्मदेच्या परिसरात लढताना पडला. त्याचा मुलगा लहान होता. रामाची बहीण लक्ष्मी हिने त्या भाच्याच्या नावाने कारभार पाहिला आणि भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देऊळ उभारले. ग. ह. खरे यांनी ‘दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने’ या मालेत अंब्याचे लेख प्रसिद्ध केले. इथे शांपोलियोंची गरज नव्हती. अक्षरे आपल्या बाराखडीचीच आहेत. मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता मागे उभी रेघ काढून दिली आहे, ती पृष्ठमात्रा ओळखली की अर्धे काम झाले.

म्हणजे इजिप्तमध्ये जे वाचायला दीड हजार वर्षे खोळंबावे लागले, तसे आपल्याकडे काहीच नाही. दगड वाचला गेला, छापला गेला आणि ग्रंथालयाच्या कपाटात बसला. देवळाच्या आवारात मात्र अजून वऱ्हाड दगडाचे होते आहे. अंबाजोगाईत खोलेश्वराचे नाव महाविद्यालयालाही आहे. त्याच्या लेकीचे नाव मी विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा सतरा जणांपैकी एकालाही सांगता आले नाही. दोष त्यांचा नव्हे. मी दहा वर्षे यादवकाळ शिकवीत होतो आणि वर्गात तिचे नाव कधी घेतले नव्हते. राजकवी, महानुभाव, वारकरी असे खण पाडून आम्ही तो काळ शिकवतो. भावामागे राज्य सांभाळणारी बहीण त्यात कोणत्या खणात बसवायची?

खरे तर स्थळ दाखवण्याची विद्या मराठीला नवी नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हे गद्य आणखी कशासाठी लिहिले गेले? चक्रधरस्वामी कोठे राहिले, कोठे एक रात्र वसले, कोठे नुसते बसले, त्या जागा भक्तांना पुढेही सापडाव्यात म्हणून. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, त्यापासून आसन कोठे, असे एखाद्या मोजणीदाराच्या काटेकोरपणाने तीत सांगितले आहे. वर्णनात अलंकार नाही, महात्म्यग्रंथांतला चमत्कार नाही. वि. भि. कोलते यांनी ही पोथी संपादित केली. आमच्या गेवराई तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर आहे. महानुभावांचे आत्मतीर्थ ते हेच. तिथे येणारा भक्त आजही ओट्यापुढे वाकतो तेव्हा त्याला नेमके ठाऊक असते की आपण कशापुढे वाकत आहोत. ते ज्ञान पोथीने आणि परंपरेने मिळून टिकवले आहे. मंदिर कोणी बांधले याच्याशी मात्र स्थानपोथीला कर्तव्य नाही; तिला तिथे बसलेला माणूस हवा आहे. शिलालेखाला बांधवून घेणारा हवा असतो, लोककथेला देवी. पाथरवटाची भाकर हवी असलेला तो इजिप्तचा दुभाषाच काय तो निघाला.

बाराखांबीच्या आवारात अलीकडच्या उत्खननात आणखी मंदिरांचे पाये उघडे पडले आहेत. विटा, जोते, मोडके शिल्प. त्या दिवशी आम्ही खऱ्यांच्या वाचनाच्या झेरॉक्स प्रती वाटल्या आणि पाळीपाळीने वाचल्या. संस्कृत अडले तिथे अडले. पृष्ठमात्रेची गंमत मुलांना फार आवडली. एकाने आपले नाव तशा पद्धतीने वहीत लिहून पाहिले. मागच्या रांगेत केजकडची एक मुलगी होती, वाचनाच्या वेळी गप्प. निघताना तिने विचारले, “सर, लक्ष्मीने देऊळ बांधलं म्हणतात, पण दगड कुठून आणला? आणि घडवणारे इथलेच होते की बाहेरून आणले होते?”

गाडीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला होता. मुकुंदराजांची दरी अजून राहिली होती आणि हिवाळ्यात तिथे ऊन लवकर जाते. मी तिला म्हटले, खाणीपासून सुरुवात करू. पुढच्या रविवारी वेळ आहे का तेवढे पहा.